राखीव प्रतींतील फेरफार



आपल्या घरच्या पेटींत पूर्वीं जे कागद जपून ठेवलेले असत, त्यांपैकीं बहुतेकांनीं आतां आपला मुक्काम हलविला आहे. सातबाराचा उतारा, बँकेचें खातें, विजेचें देयक, मुलांचे गुण, दवाखान्यांतील तपासण्या, सोसायटीची वर्गणी, या प्रत्येकाची मूळ नोंद आज कोठल्या ना कोठल्या संगणकाच्या पोटांत असते; आपल्या हातीं येतो तो तिचा छापील उतारा. नोंदींच्या या साठ्याला डेटाबेस म्हणतात. हा साठा नष्ट झाला तर हाताशीं असावी म्हणून त्याची जी नक्कल वेळोवेळीं काढून निराळी ठेवतात, तिला बॅकअप म्हणतात. या भाषणांत मी तिला राखीव प्रत म्हणेन.

राखीव प्रत कां ठेवावी, हें आतां कोणाला सांगावयास नको. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मूळ साठा बिघडला, किंवा तो दुसऱ्या ठिकाणीं उभारावयाचा ठरला, म्हणून राखीव प्रत बाहेर काढली. ती संगणकावर पुन्हां चढविण्यापूर्वीं तिच्यांत कांहीं फेरफार करावा काय? करावयाचा तर तो कोणीं, कोठें आणि कसा करावा? वरवर पाहतां हा प्रश्न कारागिरांचा वाटतो. परंतु त्या प्रतींत तुमचें नांव, तुमची शिल्लक आणि तुमचा आजार लिहिलेला असतो. तेव्हां तिच्यावर कोणाची लेखणी चालते आणि ती कशी चालते, हें समजून घेण्याचा अधिकार तुमचाहि आहे.

प्रथम ही प्रत असते तरी कशी, तें पाहूं. पेढीवरील मुनीम रोजकीर्द आणि खतावणी ठेवीत, हें आपणांस ठाऊक आहे. डेटाबेस ही अशाच वह्यांची एक मोठी मांडणी होय. त्यांतील प्रत्येक वहीला तक्ता म्हणतात. रुग्णालयाच्या डेटाबेसांत एक तक्ता रुग्णांचा, एक तपासण्यांचा, एक देयकांचा, असे अनेक तक्ते असतात. रुग्णांच्या तक्त्यांत प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला असतो, आणि तपासण्यांच्या तक्त्यांत रुग्णाच्या नांवाऐवजीं तो क्रमांकच लिहिलेला असतो. अशा रीतीनें एका तक्त्यांतील ओळ दुसऱ्या तक्त्यांतील ओळीशीं बांधलेली असते. ज्या क्रमांकाचा रुग्णच नाहीं, त्या क्रमांकाची तपासणी डेटाबेस लिहूं देत नाहीं. नुसती यादी आणि डेटाबेस यांत जो भेद आहे, तो मुख्यतः या बंधनांचा आहे.

या साठ्याची नक्कल दोन प्रकारांनीं काढतात. पहिल्या प्रकारांत प्रत ही एक लांबलचक लेखी सूचना असते: अमुक नांवाचा तक्ता तयार कर, त्यांत पुढील ओळी भर, आणि हा तक्ता त्या तक्त्याशीं बांध. या सूचना क्रमानें पाळल्या कीं साठा पुन्हां उभा राहतो. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या प्रसिद्ध डेटाबेसांच्या प्रती पुष्कळदां अशा असतात. दुसऱ्या प्रकारांत तबकडीवर साठा ज्या पानांच्या रूपानें असतो, तीं पानेंच जशींच्या तशीं उचलून ठेवतात. पोस्टग्रेस आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर या दोहोंतहि असें पान सामान्यतः ८ किलोबाइटांचें असतें. पहिली प्रत माणसाला वाचतां येते; दुसरी केवळ यंत्राला. आणि जें वाचतां येतें, त्यावर लेखणी चालविण्याचा मोह फार लवकर होतो.

हा मोह नेहमींच वाईट असतो असें मात्र नाहीं. प्रत आहे तशी चढविणें कित्येकदां शक्य नसतें, आणि कित्येकदां योग्यहि नसतें. नवी सोय लोकांपुढें आणण्यापूर्वीं तिची रंगीत तालीम खऱ्यासारख्या साठ्यावर घ्यावी लागते. त्यासाठीं राखीव प्रत दुसऱ्या संगणकावर चढवितात. पण तालमीच्या जागीं येणाऱ्या प्रत्येक माणसानें तुमच्या तपासण्या वाचाव्या असें कांहीं कारण नाहीं. तेव्हां नांवें आणि दूरध्वनि क्रमांक झांकले पाहिजेत. दुसरें असें कीं, साठ्यांत पुष्कळदां बाहेर निरोप धाडण्याच्या आज्ञाहि असतात. तालमीच्या संगणकानें खऱ्या गिऱ्हाइकांना देयकें धाडलीं तर अनर्थ होईल. तिसरें म्हणजे संस्थेचा संकेतस्थळाचा पत्ता बदललेला असतो आणि प्रतींत सर्वत्र जुना पत्ता असतो. आणि चौथें कारण सर्वांत नाजूक आहे: प्रत काढल्यानंतर ज्यांनीं आपली माहिती पुसून टाकण्यास सांगितलें आणि जिची माहिती रीतसर पुसलीहि गेली, अशी माणसें जुन्या प्रतींत अजून तशींच असतात.

म्हणजे फेरफार टाळतां येत नाहीं. तर मग तो केल्यानें काय बिघडतें आणि काय सुधारतें, याचें एक उदाहरण पाहूं. तें परदेशांतील आहे. पण त्या संस्थेनें घडलेला सर्व प्रकार स्वतःच जाहीरपणें लिहून ठेवल्यामुळें तें शिकण्यासारखें झालें आहे.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे लोक आपलें काम जेथें ठेवतात अशा संस्थांपैकीं गिटलॅब ही एक आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजीं तिच्या मुख्य डेटाबेसाचा सहायक संगणक मागें पडूं लागला, म्हणून रात्रीं एका अभियंत्यानें त्या सहायकावरील साठा पुसून तो नव्यानें भरण्याचें ठरविलें. परंतु पुसण्याची आज्ञा चुकून मुख्य संगणकावर दिली गेली. एकदोन क्षणांतच चूक ध्यानांत आली; तेवढ्यांत सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं जेमतेम साडेचार गिगाबाइट शिल्लक राहिले होते.

आतां राखीव प्रतींचा शोध सुरू झाला. रोज लेखी प्रत काढण्याची योजना होती. पण प्रत काढणारें साधन पोस्टग्रेसच्या ९.२ या आवृत्तीचें आणि डेटाबेस ९.६ या आवृत्तीचा, म्हणून तें साधन प्रत्येक वेळीं निष्फळ ठरत होतें. निष्फळ ठरल्याची पत्रें निघत, पण तीं योग्य रीतीनें प्रमाणित नसल्यामुळें पलीकडे स्वीकारलींच जात नसत. प्रती ठेवण्याची कोठी उघडून पाहिली तों ती रिकामी. शेवटीं हातीं लागलें तें एक क्षणचित्र, म्हणजे त्या त्या क्षणीं साठा जसा होता तसा गोठवून घेतलेला ठसा. तें त्याच दिवशीं सुमारें सहा तास आधीं, जागतिक प्रमाणवेळेप्रमाणें ५ वाजून २० मिनिटांनीं, एका अभियंत्यानें तालमीच्या संगणकासाठीं सहज काढलें होतें. तें काढलें नसतें तर चोवीस तासांपूर्वींच्या प्रतीवर भिस्त ठेवावी लागली असती.

येथें आपल्या विषयाचा खरा धागा सुरू होतो. तें क्षणचित्र तालमीच्या संगणकावर चढवितांना एक फेरफार आपोआप होत असे. गिटलॅबच्या साठ्यांत वेबहुक नांवाच्या नोंदी असतात. एखाद्याच्या कामांत कांहीं बदल झाला कीं त्याची वर्दी अमुक पत्त्यावर द्यावी, अशी ती आज्ञा असते. तालमीच्या संगणकानें अशा वर्द्या चुकून बाहेर धाडूं नयेत, म्हणून प्रत तेथें चढविल्याबरोबर वेबहुकच्या सर्व नोंदी काढून टाकल्या जात. तालमीच्या दृष्टीनें हा फेरफार अगदीं रास्त होता. पण आतां तीच फेरफार केलेली प्रत मूळ म्हणून परत न्यावयाची होती! १ फेब्रुवारीला सायंकाळीं ५ वाजतां डेटाबेस उभा राहिला तो वेबहुकच्या नोंदींवांचून.

त्या नोंदी परत मिळाल्या, त्याचें कारण मात्र लक्षांत ठेवण्यासारखें आहे. फेरफार झाला होता तो चढविलेल्या प्रतींत. खालचें क्षणचित्र अस्पर्श राहिलें होतें. अभियंत्यांनीं तेंच क्षणचित्र आणखी एका निराळ्या संगणकावर चढविलें, आणि या खेपेस वेबहुक पुसण्याची क्रिया होऊं दिली नाहीं. तेथून तेवढ्या एका तक्त्याची लेखी प्रत काढून ती मुख्य साठ्यांत भरली. सुमारें ६ वाजतां काम पूर्ण झालें. क्षणचित्राच्या वेळेपासून मध्यरात्रीपर्यंतच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या. फार तर ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवीं खातीं, असा त्या संस्थेचा अंदाज होता.

याच प्रसंगीं दुसरा एक फेरफार जाणूनबुजून केला गेला, आणि तो फार शहाणपणाचा होता. डेटाबेस प्रत्येक नव्या नोंदीला पुढचा क्रमांक देतो. जुनी प्रत चढविली कीं हा क्रमहि जुन्या ठिकाणीं मागें जातो. मग त्या हरवलेल्या सहा तासांत जे क्रमांक दिले गेले होते, तेच पुन्हां नव्या माणसांना मिळतील. कोणी जुना दुवा जपून ठेवला असेल तर तो परक्याच्या दारीं जाऊन उभा राहील. यासाठीं सर्व क्रम १,००,००० नीं पुढें ढकलण्यांत आले. मध्यें रिकामी जागा राहिली. पण एका क्रमांकाचे दोन धनी झाले नाहींत. मुनीमहि वहींतलें पान फाटलें तर त्या पानाचा क्रमांक नव्या पानाला देत नसे, तो याच विचारानें.

या एका घटनेंत फेरफाराचीं दोन्ही रूपें दिसतात. एका फेरफारानें नोंदी गेल्या, दुसऱ्यानें घोटाळा टळला. पहिल्यानें झालेली हानि भरून निघाली, कारण मूळ ठशाला कोणीं हात लावलेला नव्हता. माझें आजचें सांगणें थोडक्यांत हेंच आहे: फेरफार अवश्य करावा, पण तो राखीव प्रतींत नव्हे; तो प्रतीच्या प्रतींत करावा, आणि त्याची नोंद ठेवावी.

“प्रतींतच दोन शब्द बदलले तर काय झालें?” असें कोणी विचारील. लेखी प्रत ही शेवटीं अक्षरेंच ना? पण हीं अक्षरें दिसतात तितकीं साधीं नसतात. जगांतील असंख्य संकेतस्थळें वर्डप्रेस या आज्ञावलीवर चालतात. तिच्या साठ्यांत कांहीं मजकूर असा लिहिलेला असतो कीं, आधीं त्याची लांबी आंकड्यांत आणि मग तो मजकूर. धनादेशावर रक्कम आंकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही लिहितात, तसाच हा प्रकार. आतां समजा, तेथें ‘पुणे’ हा शब्द आहे आणि कोणी सर्व प्रतींत त्याच्या जागीं ‘नागपूर’ घातलें. आपल्या डोळ्यांना ‘पुणे’ हीं दोन अक्षरें दिसतात. यंत्र मात्र प, उकार, ण आणि मात्रा असे चार वर्ण मोजतें, आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण युनिकोडच्या नेहमींच्या लेखनपद्धतींत तीन बाइट घेतो. म्हणजे लांबी १२ लिहिलेली असते. ‘नागपूर’ची लांबी १८ होते. शब्द बदलला, पण आंकडा १२ च राहिला. धनादेशावरील आंकडे आणि अक्षरें जुळलीं नाहींत तर बँक तो परत करते. येथेंहि ती आज्ञावली तो सगळा मजकूर नाकारते, आणि संकेतस्थळाची मांडणी एकाएकीं नाहींशी होते. प्रत चढवितांना मात्र कोठेंहि तक्रार झालेली नसते.

याहून गंभीर धोका बंधनांचा. लेखी प्रतींतून एका रुग्णाची ओळ खोडली. त्याच्या तपासण्यांच्या ओळी तशाच राहिल्या. आतां त्या पोरक्या झाल्या. आपण समजूं कीं डेटाबेस त्या अडवील. पण प्रत चढविण्याचें काम लवकर व्हावें म्हणून बंधनें तात्पुरतीं दूर ठेवण्याचा प्रघात आहे. मायएसक्यूएलची नेहमींची प्रत आरंभींच सांगते कीं परस्परसंबंधांची तपासणी थांबव. शेवटीं ती तपासणी पुन्हां चालू होते, पण तोंवर आंत आलेल्या ओळींकडे ती मागें वळून पाहत नाहीं. पोस्टग्रेसच्या प्रतींत सर्व ओळी भरून झाल्यावर शेवटीं बंधनें बांधण्याच्या आज्ञा असतात. पोरकी ओळ आढळली तर तें बंधन बांधलेंच जात नाहीं. आणि प्रत चढविणारें साधें साधन, पहिल्या चुकीशीं थांब अशी आज्ञा आधीं दिली नसेल तर, एक ओळीची तक्रार छापून पुढें चालूं लागतें. हजारों ओळींच्या गर्दींत ती तक्रार कोण वाचणार? साठा उभा राहतो, कामहि चालतें. मात्र त्या दिवसापासून त्या दोन तक्त्यांवर पहारा नसतो.

पानांच्या रूपांतल्या प्रतीला हात लावणें तर त्याहून कठीण. तेथें प्रत्येक पानावर त्या पानाच्या मजकुरावरून काढलेली एक पडताळ्याची संख्या लिहिण्याची सोय असते. पान बदललें आणि संख्या बदलली नाहीं, कीं पान बिघडलें असें यंत्र समजतें. पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, पानांच्या प्रतीबरोबर तिच्यांतील प्रत्येक फाइलच्या पडताळ्याची यादी तयार होते आणि प्रत चढविण्यापूर्वीं ती जुळवून पाहतां येते. येथें हस्तक्षेपाला जवळजवळ वावच नाहीं, आणि तें बरेंच आहे.

मग योग्य मार्ग कोणता? तो लांबचा आहे, पण अवघड नाहीं.

राखीव प्रत कुलपांतून काढली कीं पहिलें काम म्हणजे तिची नक्कल करणें आणि मूळ प्रत परत कुलपांत ठेवणें. ठेवण्यापूर्वीं तिचा हॅश काढून तो लिहून घ्यावा. हॅश म्हणजे सबंध फाइलवरून गणितानें काढलेला एक लहानसा ठसा होय. एसएचए-२५६ या पद्धतीनें तो ६४ अक्षरांचा येतो, मग फाइल केवढीहि असो. फाइलींत एका स्वल्पविरामाचा फरक झाला तरी ठसा अजिबात निराळा येतो. त्यामुळें आज कुलपांत ठेवलेली प्रत आणि सहा महिन्यांनीं काढलेली प्रत एकच आहे कीं नाहीं, हें क्षणांत कळतें.

दुसरें काम, नक्कल एका बंदिस्त संगणकावर, आहे तशी चढविणें. बंदिस्त म्हणजे ज्याला बाहेरच्या जगाशीं बोलण्याची वाटच ठेवलेली नाहीं असा. म्हणजे साठ्यांतील निरोप धाडण्याच्या आज्ञा जागच्या जागीं राहिल्या तरी कोणाला वर्दी जाणार नाहीं. मग जो फेरफार करावयाचा, तो येथें, डेटाबेसाच्या स्वतःच्या भाषेंत आज्ञा देऊन करावा. आतां बंधनें जागीं आहेत. रुग्णाची ओळ पुसूं लागलां तर डेटाबेस तपासण्यांची आठवण करून देईल. संकेतस्थळाचा पत्ता बदलावयाचा असेल तर लांबीचे आंकडेहि बरोबर बदलणारीं साधनें उपलब्ध आहेत; तीं वापरावीं. सर्व मनासारखें झालें कीं या दुरुस्त साठ्याची नवी प्रत काढावी आणि ती जेथें हवी तेथें चढवावी.

कधीं कधीं साठ्यांतील एखादा भागच नको असतो. त्यासाठीं प्रतीची चिरफाड करण्याची गरज नाहीं. पोस्टग्रेसमध्यें प्रतीचा एक बांधीव प्रकार आहे. त्यांत आंत काय काय आहे याची यादी मागून घेतां येते. यादींतील नको त्या ओळीच्या आरंभीं अर्धविराम घालावा आणि या यादीप्रमाणें माल उतरून घे असें सांगावें. पेटाऱ्यांतील मालाला हात न लावतां केवळ यादींत खूण करून काम होतें.

तिसरें काम म्हणजे मोजणी. प्रत चढविल्यावर प्रत्येक तक्त्यांत किती ओळी होत्या, फेरफारानंतर किती राहिल्या, आणि हा फरक आपण ठरविलेल्या फेरफाराइतकाच आहे कीं नाहीं, तें पाहावें. फरकाचें उत्तर देतां आलें नाहीं तर पुढें पाऊल टाकूं नये.

आणि चौथें काम, नोंद. आपल्याकडे जमिनीच्या दप्तराला ही गोष्ट नवी नाहीं. सातबारावरील नांव बदलतें तेव्हां आधीं फेरफार नोंदवहींत, म्हणजे गांव नमुना ६ मध्यें, त्याची नोंद होते. हितसंबंधी लोकांना नोटीस जाते. मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग सातबारावर जुन्या नांवाला कंस पडून नवें नांव येतें आणि शेजारीं फेरफाराचा क्रमांक लागतो. म्हणून वाद निघाल्यास कोणत्या साली, कशाच्या आधारें काय बदललें, हें मागें मागें जाऊन पाहतां येतें. राखीव प्रतीच्या बाबतींतहि हीच शिस्त हवी. कोणत्या प्रतीवरून, कोणत्या दिवशीं, कोणीं, काय आणि कां बदललें, आणि मूळ प्रत कोठें आहे, एवढें एका कागदावर असावें. गिटलॅबच्या प्रसंगीं वेबहुक आपोआप पुसले जातात हें ठाऊक होतें, म्हणून तर ते परत आणतां आले. नोंद नसती तर दुरुस्त साठा पूर्णच आहे असें सर्वांना वाटलें असतें.

आतां नांवें झांकण्याबद्दल दोन शब्द. नांव आणि पत्ता काढला कीं माणूस ओळखूं येणार नाहीं, ही समजूत खोटी आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यानें आपल्या नोकरवर्गाची वैद्यकीय माहिती, नांवें काढून, संशोधनासाठीं उपलब्ध केली होती. १९९७ च्या सुमारास लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीनें केंब्रिज गांवची मतदारयादी २० डॉलरांना विकत घेतली, आणि जन्मतारीख, लिंग व टपालाचा विभाग या तीन गोष्टी जुळवून खुद्द राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची वैद्यकीय नोंद शोधून काढली. पुढें १९९० च्या जनगणनेच्या आधारें तिनें दाखविलें कीं अमेरिकेंतील सुमारें ८७ टक्के लोक या तीन गोष्टींवरून एकेकटे ओळखूं येण्याजोगे आहेत. तेव्हां तालमीसाठीं द्यावयाच्या प्रतींत जन्मतारखेचें नुसतें वर्ष ठेवणें, टपालाच्या क्रमांकाचे पहिले अंक तेवढे ठेवणें, आणि जें मुळींच लागत नाहीं तें न देणें, हेंच बरें.

शेवटचा प्रश्न पुसल्या गेलेल्या माणसांचा. युरोपीय संघाचा २५ मे २०१८ पासून लागू झालेला विदासंरक्षणाचा नियम आपल्या १७ व्या कलमानें माणसाला स्वतःची माहिती पुसवून घेण्याचा हक्क देतो. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यांतहि १२ व्या कलमांत दुरुस्तीचा आणि पुसण्याचा हक्क आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले असून अंमल टप्प्याटप्प्यानें येणार आहे. समजा, एका बाईनें मार्च महिन्यांत आपली माहिती पुसावयास लावली, आणि एप्रिलांत साठा कोसळून फेब्रुवारीची प्रत चढवावी लागली. तिची माहिती पुन्हां जिवंत होईल, आणि तिला त्याचा पत्ताहि लागणार नाहीं. यावर कांहीं जण म्हणतात, सर्व जुन्या प्रती उघडून त्यांतून तिचें नांव काढा. पण असें केल्यास प्रत्येक राखीव प्रत वारंवार उघडली जाईल आणि एकीचीहि ग्वाही देतां येणार नाहीं. त्याहून बरा मार्ग असा कीं, पुसलेल्यांच्या केवळ क्रमांकांची एक लहानशी यादी साठ्याच्या बाहेर जपावी, आणि कोणतीहि जुनी प्रत चढविल्यावर, लोकांसाठीं दार उघडण्यापूर्वीं, ती यादी पुन्हां लागू करावी. जुन्या प्रतींनाहि ठराविक मुदत असावी; मुदत संपली कीं त्या नष्ट कराव्या. म्हणजे मूळ प्रत अस्पर्श राहते आणि त्या बाईला दिलेला शब्दहि राहतो.

मूळ प्रत अस्पर्श ठेवण्याबद्दल मी इतका आग्रह धरतों, त्याला आणखी एक कारण आहे. राखीव प्रत ही केवळ सोय नव्हे, ती साक्षीदारहि आहे. सोसायटीच्या हिशेबांत अफरातफर झाल्याची शंका आली, किंवा एखाद्या रुग्णाच्या नोंदींत मागाहून कांहीं घुसडल्याचा आरोप झाला, तर आजच्या साठ्याकडे पाहून कांहींच कळत नाहीं. त्या दिवशींची प्रत पाहावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणें संगणकावरील नोंद पुराव्यांत द्यावयाची तर प्रमाणपत्र जोडावें लागतें, आणि त्याच्या नमुन्यांत त्या नोंदीचा हॅश लिहावयाचा असतो. चांगल्या हेतूनें का होईना, पण मूळ प्रतींतच ज्यानें दोन ओळी नीट केल्या, त्यानें हा साक्षीदार गमावला. त्याचा हेतु शुद्ध होता हें तो कशावरून दाखविणार? ज्या प्रतीवरून दाखवावयाचें, तीच त्यानें बदललेली असते.

ऐकणाऱ्यांपैकीं बहुतेकांना डेटाबेस चढविण्याचें काम कधीं करावें लागणार नाहीं. पण आपल्या सोसायटीचे हिशेब, आपल्या डॉक्टरांकडील नोंदी, आपल्या मुलांच्या शाळेचें दप्तर ज्यांच्या स्वाधीन आहे, त्यांना तीन प्रश्न विचारणें आपल्या हातीं आहे. राखीव प्रत निघते म्हणतां, ती रिकाम्या संगणकावर चढवून शेवटीं कधीं पाहिली? प्रत दुसऱ्या कोणाला देतांना तिच्यांतून काय काढतां, आणि काय ठेवतां? आणि चढवितांना कांहीं बदललें, तर तें कोठें लिहून ठेवतां? पहिल्या प्रश्नाचें उत्तर तारखेंत, दुसऱ्याचें यादींत आणि तिसऱ्याचें वहींत मिळालें पाहिजे. तसें मिळालें तर आपली माहिती जबाबदार माणसांच्या हातीं आहे असें समजावें; न मिळालें तर पुढच्या महिन्यांत पुन्हां विचारावें.